रक्तातील वारसा आणि बालकांचे जंतुसंसर्ग : मणिबेली व सातपुडा परिसराच्या संदर्भात सिकलसेलचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुवा हा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ आहे आणि त्यातील पहिले मतदान केंद्र म्हणून मणिबेलीचे नाव घेतले जाते. नर्मदेच्या दक्षिण तीरावर, गुजरातच्या सीमेला लागून वसलेले हे नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी गाव. सरदार सरोवर प्रकल्पाच्या बुडिताची झळ महाराष्ट्रात सर्वप्रथम याच गावाला पोहोचली. त्यामुळे मणिबेलीचा इतिहास सामान्यतः विस्थापनाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आणि ते स्वाभाविकही आहे.

मात्र याच गावाच्या आणि त्याच्या भोवतालच्या सातपुडा पट्ट्याच्या इतिहासाला आणखी एक पदर आहे. तो जमिनीचा नसून रक्ताचा आहे. भिल, पावरा, तडवी इत्यादी समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बालकांची जंतुसंसर्गाविरुद्धची प्रतिकारशक्ती आतून पोखरतो. ताप, खोकला, धाप आणि काही तासांत मृत्यू असा घटनाक्रम दुर्गम पाड्यावर घडतो, तेव्हा नोंद 'तापाने मृत्यू' किंवा 'न्यूमोनिया' एवढीच होते. त्यामागील आनुवंशिक कारण नोंदवहीत येत नाही. जे नोंदवहीत येत नाही ते शासकीय धोरणातही उशिरा येते, आणि इतिहासलेखनात तर त्याहूनही उशिरा. या उशिराची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) आनुवंशिक विकारामुळे बालकांत निर्माण होणारी प्रतिकारशक्तीची न्यूनता व जंतुसंसर्ग यांचा संबंध स्पष्ट करणे.
२) भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील सिकलसेलविषयक संशोधनाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३) उपलब्ध ज्ञान आणि मणिबेलीसारख्या गावापर्यंत त्याची झालेली पोहोच यांतील अंतर तपासणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय संशोधन, शासकीय धोरणे आणि नर्मदा खोऱ्यातील विस्थापनाविषयीचे प्रकाशित साहित्य ही दुय्यम साधने आधारभूत मानली आहेत.

प्रतिकारशक्तीची न्यूनता : दोन वाटा, एक जंतू

जन्मजात प्रतिकारशक्ती न्यूनतेच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ सामान्यतः १९५२ या वर्षापासून मानला जातो. अमेरिकेतील लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा उपचारासाठी होता. न्यूमोकॉकस या जिवाणूचा गंभीर संसर्ग त्याला पुन्हा पुन्हा होत असे. त्याच्या रक्तात प्रतिपिंडांचा अंश, म्हणजे गॅमा ग्लोब्युलिन, जवळपास नाहीच असे ब्रुटन यांना आढळले. बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन दिल्यावर संसर्गांना आळा बसला. संसर्ग वारंवार होणे ही केवळ अस्वच्छता, कुपोषण किंवा दैव यांची बाब नसून काही बालकांत तिचे मूळ जन्मतःच रचनेत असू शकते, हा विचार या घटनेने वैद्यकशास्त्रात रुजला. पुढे अशा शेकडो विकारांची ओळख पटली. महाराष्ट्रात मुंबई येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था ही या विकारांच्या निदानाचे महत्त्वाचे केंद्र ठरली, तर २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात यांपैकी काही विकारांचा समावेश झाला.

हे विकार एकेकटे पाहता दुर्मिळ आहेत. सिकलसेल मात्र दुर्मिळ नाही. काटेकोर वर्गीकरणात तो प्रतिकारशक्तीचा विकार नसून हिमोग्लोबिनचा विकार आहे. पण बालकाच्या बाबतीत त्याचा एक परिणाम तोच होतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या लहानशा बदलामुळे प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. या अडथळ्याचा पहिला बळी ठरते ती प्लीहा, म्हणजेच पाणथरी.

पाणथरी ही रक्ताची गाळणी होय. ज्या जिवाणूंभोवती शर्करायुक्त कवच असते, उदाहरणार्थ न्यूमोकॉकस, त्यांना रक्तातून वेगळे काढण्याचे काम मुख्यतः ती करते. लहान मुलांत प्रतिपिंडांची तयारी अपुरी असल्याने हे काम अधिकच मोलाचे ठरते. अमेरिकन बालरक्तरोगतज्ज्ञ हॉवर्ड पीअर्सन यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, सिकलसेलग्रस्त बालकाची पाणथरी हाताला मोठी लागत असली तरी ती कार्यशून्य असू शकते. म्हणजे अवयव आहे, पण कार्य नाही. अशा बालकाच्या रक्तात न्यूमोकॉकस शिरला तर सकाळी साधा वाटणारा ताप रात्रीपर्यंत प्राणघातक होऊ शकतो. साल्मोनेला जातीच्या जिवाणूंमुळे हाडांत पू होणे हाही या मुलांतील परिचित धोका आहे.

ब्रुटन यांच्या रुग्णाला ज्या जंतूने पुन्हा पुन्हा गाठले, त्याच जंतूने सिकलसेलग्रस्त बालकांनाही गाठले. वारसा वेगळा, वाट वेगळी, परंतु धोका एकच. म्हणून बालकांच्या आनुवंशिक प्रतिकारन्यूनतेचा विचार सातपुड्याच्या संदर्भात करावयाचा झाल्यास सिकलसेलपासूनच आरंभ करावा लागतो.

भारतातील शोधाचा इतिहास

सिकलसेलचे पहिले वैद्यकीय वर्णन १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यास 'रेणवीय आजार' ठरविले. दीर्घकाळ हा केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार मानला जात असे. या समजुतीला भारतात तडा गेला तो १९५२ मध्ये. त्या वर्षी लेहमन व कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये, तर डनलॉप व मजुमदार यांनी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये सिकलसेल आढळल्याचे प्रसिद्ध केले. ब्रुटन यांचा शोधही याच वर्षाचा, हा योगायोग लक्षणीय आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने १९५८ हे वर्ष महत्त्वाचे होय. त्या वर्षी शुक्ला व सोळंकी यांनी नागपूर परिसरातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. यानंतर विदर्भात अभ्यासाची परंपरा निर्माण झाली. नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय होते, प्रयोगशाळा होत्या, रुग्ण दवाखान्यापर्यंत येत होते. सातपुड्याच्या पश्चिम टोकाला यांपैकी काहीही नव्हते. आजार कोठे 'सापडतो' हे पुष्कळदा तो कोठे आहे यावर नव्हे, तर सूक्ष्मदर्शक कोठे आहे यावर ठरते, हे या इतिहासातून दिसते.

राज्यव्यापी चित्र पुढे पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांच्या दीर्घ कार्यातून पुढे आले. काटे व लिंगोजवार यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, राज्यातील भिल, माडिया, पावरा, परधान व ओतकर या समाजांत सिकलसेल जनुकाचे प्रमाण २० ते ३५ टक्के इतके उच्च आढळले. पाच हजारांहून अधिक रुग्ण असण्याचा अंदाज ज्या जिल्ह्यांबाबत वर्तविण्यात आला, त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा व यवतमाळ यांच्या जोडीने नंदुरबारचाही समावेश होता.

या टक्केवारीचा बालकांच्या दृष्टीने अर्थ काय, हे साध्या गणिताने समजून घेता येते. एखाद्या समाजात शंभरांपैकी वीस व्यक्ती वाहक असतील, तर पती व पत्नी दोघेही वाहक असण्याची शक्यता शंभरांत चार जोडप्यांची. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता एक चतुर्थांश. म्हणजे शंभर जन्मांमागे एक बालक ग्रस्त. वाहकांचे प्रमाण तीस टक्के धरल्यास हाच आकडा दोनाच्या वर जातो. लग्नसंबंध जवळच्या गावांत व समाजांतर्गत होत असल्यास तो आणखी वाढू शकतो. लहानशा पाड्यावर दरवर्षी मोजकेच जन्म होतात. त्यामुळे तेथे हा आजार 'साथ' म्हणून कधीच दिसत नाही. तो एका घराचे दुर्दैव म्हणून दिसतो.

हिवताप, सातपुडा आणि वारशाचे कारण

एवढा घातक जनुक नष्ट न होता टिकून का राहिला? या प्रश्नाचे उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील संशोधनातून दिले. ज्यांना हा जनुक एकाच पालकाकडून मिळतो त्या वाहक व्यक्तींना फाल्सिपेरम हिवतापापासून संरक्षण मिळते. सातपुड्याचा डोंगराळ, जंगलव्याप्त प्रदेश हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता; अक्राणी परिसरातील ज्वराची धास्ती ब्रिटिश अधिकाऱ्यांनाही होती. ज्या जंगलाने आदिवासींना बाहेरच्या सत्तेपासून काही काळ दूर ठेवले, त्याच जंगलातील डासांनी त्यांच्या रक्तावर आपला ठसा उमटविला, असे म्हणता येईल. म्हणून सिकलसेल हा कोणत्याही समाजाचा 'दोष' नव्हे. तो एका प्राणघातक रोगाशी पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या झुंजीचा अवशेष आहे. वाहकास लाभ आणि दोन वाहकांच्या अपत्यास हानी, असा हा विषम सौदा निसर्गाने केला आणि त्याची किंमत बालकांनी चुकविली.

१९८० च्या दशकात जनुकीय अभ्यासांतून असे दिसून आले की, भारत व पूर्व अरबस्तानातील सिकलसेल जनुकाची पार्श्वभूमी आफ्रिकेतील प्रकारांहून वेगळी आहे. या 'अरब-भारतीय' प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतरही अधिक प्रमाणात टिकते व त्यामुळे आजाराची तीव्रता काहीशी कमी होते. पश्चिम भारतातील आदिवासींमध्ये आल्फा थॅलेसेमियाचा जनुकही बऱ्याच प्रमाणात असल्याने आजार आणखी सौम्य होतो, असेही आढळले.

'सौम्य' या शब्दाचे परिणाम

हे निष्कर्ष शास्त्रीयदृष्ट्या खरे होते; परंतु त्यांतून निर्माण झालेला 'भारतातील सिकलसेल सौम्य असतो' हा सरसकट समज घातक ठरला. पहिली गोष्ट अशी की, सरासरी सौम्यता म्हणजे प्रत्येक बालकाची सुरक्षितता नव्हे. नागपूर येथील बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासांतून विदर्भातील अनेक मुलांत आजार तीव्र स्वरूपाचा असल्याचे पुढे आले. दुसरे असे की, भारतीय रुग्णांत पाणथरी अधिक वर्षे मोठी राहते. मोठी राहिलेली पाणथरी कार्यक्षम असेलच असे नाही, हे वर पाहिलेच आहे. शिवाय तिच्यात एकाएकी रक्त साठून काही तासांत तीव्र रक्तक्षय होण्याचा धोका कायम राहतो. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. दवाखान्यात नोंदलेल्या रुग्णांवरून आजाराची तीव्रता ठरविली, तर दवाखान्यापर्यंत न पोहोचता दगावलेली बालके हिशेबातून आपोआप गळतात. जे वाचले त्यांच्यावरून सौम्यतेचा निष्कर्ष निघतो. मणिबेलीसारख्या गावातून सर्वसज्ज रुग्णालय गाठण्यास जो वेळ लागतो, तोच तापाने फणफणलेल्या सिकलसेलग्रस्त बालकाच्या आयुष्याचा निर्णायक काळ असतो.

१९८६ चे ज्ञान आणि त्या काळातील मणिबेली

सिकलसेलग्रस्त बालकांतील जंतुसंसर्ग टाळता येतात, हे १९८० च्या दशकात निर्विवाद सिद्ध झाले. ग्रॅहम सर्जंट यांच्या नेतृत्वाखाली जमैकामध्ये १९७३ पासून नवजात बालकांची तपासणी सुरू झाली होती. जन्मापासून मुलांचा मागोवा घेतल्यामुळे मृत्यू नेमके केव्हा व कशाने होतात हे तेथे प्रथमच स्पष्ट झाले. अमेरिकेत मेरिलिन गॅस्टन व सहकाऱ्यांनी २१५ बालकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसातून दोन वेळा तोंडाने पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकॉकसच्या गंभीर संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटते असे आढळले. परिणाम इतका स्पष्ट होता की चाचणी नियोजित मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. हे औषध नवे नव्हते, महागही नव्हते. नवे होते ते एवढेच की, आजार होण्याआधी, म्हणजे बालक वरकरणी निरोगी असतानाच ते ओळखणे व औषध सुरू करणे.

याच काळात मणिबेलीत काय घडत होते? नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ मध्ये झाला होता. त्यानुसार महाराष्ट्रातील ३३ गावे बुडितक्षेत्रात येणार होती. १९८५ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पासाठी कर्ज मंजूर केले. गावात मोजणीदार येऊ लागले. जमिनीची मोजणी झाली, घरांची नोंद झाली, कोण खातेदार आणि कोण अतिक्रमणदार यांवर वाद झाले. १९९१ पासून नर्मदा बचाव आंदोलनाचा पावसाळी सत्याग्रह मणिबेलीत होऊ लागला. १९९२ मध्ये मोर्स समितीचा अहवाल आला आणि १९९३ च्या मार्चमध्ये जागतिक बँकेचा सहभाग संपुष्टात आला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गावातील घरे पाण्याखाली गेली. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना होणाऱ्या जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याविरुद्धचा जाहीरनामा 'मणिबेली जाहीरनामा' या नावाने जगभर गेला.

म्हणजे १९८६ ते १९९४ या अवघ्या आठ वर्षांत मणिबेली हे नाव जगाच्या नकाशावर आले. परंतु जी मोजणी झाली ती पाण्याखाली जाणाऱ्या वस्तूंची होती. माणसांच्या रक्तातील वारसा हा त्या मोजणीचा विषय नव्हता. पुनर्वसनाच्या व्याख्येत जमीन व घर यांना स्थान होते. आरोग्यसेवा म्हणजे वसाहतीतील दवाखान्याची इमारत, असा तिचा मर्यादित अर्थ होता. विस्थापनाने आणखी एक गोष्ट केली. काही कुटुंबे गुजरातमधील वसाहतींत, काही तळोदा परिसरात, तर काही जुन्या गावाच्या उंच भागात अशी पांगली. आनुवंशिक आजारात कुळाचा वृत्तांत हेच निदानाचे पहिले साधन असते. कोणाचे कोणते मूल कशाने गेले हे सांगणारी आजी एका राज्यात आणि नातवंड दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाल्यावर तो वृत्तांतही विस्कटतो.

पोहोचण्याचे प्रयत्न

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. धरणाच्या फुगवट्यामुळे पायवाटा तुटलेल्या नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी बोटीवरील दवाखान्याचा मार्ग अवलंबावा लागला. २०२० मध्ये नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नागपूरच्या निबंधानंतर बासष्ट वर्षांनी सातपुड्याच्या या टोकाला वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र आले.

धोरणाच्या पातळीवरही बदल झाले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून काही राज्यांत व २०२१ मध्ये देशभर सार्वत्रिक लसीकरणात आली. ही लस सर्व बालकांसाठी आहे. सिकलसेलग्रस्त बालकासाठी मात्र ती अर्धे चिलखत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत.

या अभियानाचे महत्त्व निःसंशय आहे. तरीही बालकांच्या जंतुसंसर्गाच्या दृष्टीने दोन मुद्दे नोंदविणे आवश्यक वाटते. पहिला मुद्दा तपासणीच्या वयाचा. विवाहपूर्व समुपदेशनासाठी तरुणांची तपासणी उपयुक्त आहे; परंतु संसर्गाने होणारे मृत्यू टाळावयाचे असतील तर निदान जन्मानंतर काही आठवड्यांतच झाले पाहिजे. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे संरक्षण सुमारे सहा महिन्यांपर्यंत पुरते; त्यानंतर धोक्याचा काळ सुरू होतो. दक्षिण गुजरात व नागपूर येथील नवजात तपासणीच्या अभ्यासांनी हे काम भारतात शक्य असल्याचे दाखविले आहे.

दुसरा मुद्दा सातत्याचा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दिवसातून दोनदा पेनिसिलिन द्यावयाचे, तर एका बालकास सुमारे साडेतीन हजार मात्रा द्याव्या लागतात. निदानाचे कार्ड एकदा मिळते. औषध मात्र रोज पोहोचावे लागते. नंदुरबारमधील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी व अन्य मजुरीसाठी गुजरातकडे व राज्याच्या अन्य भागांत स्थलांतर करतात. औषधाचा पुरवठा गावाशी बांधलेला आणि बालक फडावर, अशा स्थितीत साखळी तुटते. जमैकात महिन्यातून एकदा दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनचा वापर झाला होता. दुर्गम पाड्यांसाठी असा पर्याय तपासून पाहण्याजोगा आहे.

महाराष्ट्राकडे या बाबतीत स्वतःचा अनुभवही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत बालकांच्या न्यूमोनियावर उपचार करून मृत्यू कमी करता येतात हे १९९० मध्ये दाखविले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालकांची घरीच काळजी घेतल्याने नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट नोंदविली गेली. जंतुसंसर्गाविरुद्धची लढाई रुग्णालयाच्या दारात नव्हे, तर घराच्या उंबरठ्यावर जिंकता येते, हा त्याचा धडा होय.

निष्कर्ष

१) सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा विकार असला तरी पाणथरीचे कार्य नष्ट करून तो बालकांत गंभीर प्रतिकारन्यूनता निर्माण करतो. सातपुडा परिसरात बालकांच्या आनुवंशिक प्रतिकारन्यूनतेचा विचार त्याला वगळून करता येत नाही.
२) संशोधनाचा भूगोल हा आजाराच्या भूगोलाशी जुळणारा नव्हता. त्यामुळे पश्चिम सातपुड्याची नोंद उशिरा झाली.
३) 'सौम्य आजार' या समजाची मांडणी दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या रुग्णांवर आधारलेली होती, न पोहोचलेल्यांचा तिच्यात विचार नव्हता.
४) १९८६ मध्ये सिद्ध झालेला उपाय आणि २०२३ मधील राष्ट्रीय अभियान यांत ३७ वर्षांचे अंतर आहे. हे अंतर केवळ ज्ञानाचे नसून पोहोचण्याचे आहे.
५) नवजात तपासणी, पेनिसिलिनचे सातत्य व स्थलांतरित कुटुंबांपर्यंत औषध नेण्याची व्यवस्था या तीन गोष्टींवर पुढील यश अवलंबून राहील.

मणिबेलीत निवडणुकीच्या वेळी मतदान पथक नर्मदेच्या जलाशयातून बोटीने पोहोचते, कारण एकही मतदार वगळता कामा नये असा दंडक आहे. हाच दंडक प्रत्येक नवजात बालकाच्या टाचेतून घ्यावयाच्या रक्ताच्या थेंबालाही लागू झाला, तर राज्याच्या यादीतील पहिल्या क्रमांकाचे हे गाव आरोग्याच्या यादीत शेवटी राहणार नाही.